यंदा दोर येणार का

५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळी झाली. आज शेडचं कुलूप काढलं. हे गेल्यानंतर पहिल्यांदाच पोरं कामाला आली, कॉलेजची, स्पर्धेसाठी रोबोगाडी बनवणारी. नसीम पुढं, मागं बाकीची. कटिंग मशीनवरची चादर काढली. लोखंडाचा वास आत तसाच कोंडून बसलेला.

दारावर खडूनं लिहिलेलं अजून आहे. ‘दोर’. नसीमचं अक्षर. श्रावणात कलबुर्गीच्या दवाखान्यातून हे तिच्याशी फोनवर बोलले होते, “यंदाच्या खेळात दोर येणार बघ पोरी. गाडीला दोरावर चढायला लावत्यात.” त्यानंतर कुणाशी धड बोलणं झालंच नाही. म्हणून पोरांना त्यांच्या अण्णांचा तो शब्द आता देवाघरचा वाटतो. मी फडकं घेऊन दाराशी गेले तर नसीम म्हणाली, “अक्का, तेवढं नक्को ओ.”

फडकं ठेवून दिलं.

पण यंदा दोर येईल असं मला वाटत नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

बसवकल्याणहून भावजी आणि जाऊबाई आल्या. भावजी शेडमध्ये एक फेरी मारून आले. “वहिनी, मशीन गंज खायलंय. येळवस झाली की घेऊन जातो. हितं कोण चालवणार आता?” खरं आहे. त्यांच्या दुकानात कामाला येईल. व्हय म्हटलं.

मग ध्यानात आलं. परदेशातले स्पर्धावाले दर वर्षी नवा खेळ काढतात, यंदाचा जाहीर करणार जानेवारीच्या पहिल्या शनिवारी. येळवसीची अमावास्या त्याच्या आधी. म्हणजे पोरांना जे कापायचं ते खेळ कळायच्या आधीच कापावं लागणार. बाहेर ग्रीलवाल्याकडं कापून घेतलं की सूत-दोन सूत इकडंतिकडं होतं, गाडी तिरकी पळते. ॲल्युमिनियमच्या नळ्या तेवढ्याच, ह्यांनी आणून ठेवलेल्या. दोरावर चढायचं तर लांब हात लागतो, नळ्या अख्ख्या ठेवायच्या. जमिनीवरचा खेळ असेल तर बसकी, रुंद गाडी, नळ्या आखूड. एकदा तोडल्या की तोडल्या.

जाऊबाई चहा पिता पिता म्हणाल्या, “अगं पण खेळच ठाऊक न्हाई तर बनवायचं काय?”

“जुन्या खेळांवरून ओळखायचं.”

“म्हंजे पेपर फोडायचा?”

“फोडायचा न्हाई ओ. ओळखायचा.”

“ज्योतिषीण व्हायलीस की गं!” आणि बशी सांडेपर्यंत हसल्या. मलाही हसू आलं. किती दिवसांनी.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

जुनी नियमपुस्तकं खाली काढली. विज्ञानाचे मल्लू सर दर वर्षी छापून आणायचे. सगळी इंग्रजी. मी सातवीपर्यंत शिकले, तेही मराठी शाळेत. कन्नड हुमनाबादच्या बाजारात शिकले, इंग्रजी ह्या पुस्तकांत. हे म्हणायचे, “तू अक्षरं वाच, मी लोखंड वाचतो.” मी डिक्शनरी घेऊन एकेक ओळ लावायची, हे ऐकता ऐकता शेडच्या भिंतीवर खडूनं मैदान काढायचे. अमुक एवढं लांब, इथं खोकी, तिथं चढायचं. मी अडले की म्हणायचे, पुढं चल, मागून कळंल.

आता एकटीच वाचते. मोठ्यानं वाचते, सवय गेली नाही. चार ओळी झाल्या की थांबते, हे काहीतरी विचारतील म्हणून. काय विचारतील तेही ऐकू येतं. “वजन किती म्हणतंय?” मी वजन सांगते. मग पुढची ओळ.

१७ नोव्हेंबर, रविवार

खेळ बनवणारी माणसं कोण, कधी बघितली नाहीत. पण सगळी पुस्तकं लागोपाठ वाचली की हात ओळखू येतो. भाकरी कुणी थापली ते न बघता कळतं तसं.

चेंडू दिला की पुढं कोपऱ्यांचं काहीतरी. खोकं, नाहीतर सुळका. मग मधे भोक असलेलं, कडं. मग परत चेंडू. सगळ्यांना जे सोपं गेलं ते पुढच्या खेपेला काढून घेतात. मैदानाच्या मधे भिंत घातली की चालवणाऱ्यांना पलीकडचं दिसत नाही, ओरड होते, की पुढचं मैदान मोकळं. आणि खेळाच्या शेवटी गाड्यांना जे करायला लावतात त्याचं असं: चढ, चढ, मग विसावा. लागोपाठ वर लटकवलं की नंतर एकदा खालीच काहीतरी. फळीवर तोल धरायचा, नाहीतर एका चौकटीत सगळ्या गाड्यांनी मिळून उभं राहायचं. गेली दोन वर्षं लटकणंच चाललंय.

एक मात्र कधी चुकवत नाहीत. सगळ्यात कमजोर गाडीसाठी थोडं बाजूला ठेवलेलं असतं. नुसती रेघ ओलांडली तरी गुण. ते वाचलं की मला ही माणसं बरी वाटतात.

मल्लू सरांना दाखवलं. ते नीट वाचून म्हणाले, “अक्का, दिसतंय खरं. पण खेळ झालेत किती? एवढ्याशावरून नियम म्हणता येत न्हाई. नाणं उडवलं तरी छापा लागोपाठ पडतोच की कधी कधी.”

“मग दोराला काय पुरावा आहे?”

“त्यालाही न्हाई. पण पोरांना काय सांगू? अण्णांचा शब्द आहे.”

२३ नोव्हेंबर, शनिवार

ह्यांचा अंदाज कधी खरा झाला नाही. एकदाही नाही. पोरांना आता हे आठवत नाही. गेलेल्या माणसाच्या चुका कुणी धरून बसत नाही.

लॉऱ्यांच्या बॉडीचं काम जोरात होतं तेव्हा म्हणाले, फळ्या रचायला देत्यात. आले चेंडू. टाक्यांची झाकणं करायचं काम आलं तेव्हा म्हणाले, ताटं फेकायला लावत्यात. आली खोकी. शेताला तारेचं कुंपण केलं त्या वर्षी म्हणाले, तारेखालून सरपटायचं असणार. तसलं काहीच नव्हतं. जाहीर झालं की पोरं ह्यांच्याकडं बघायची आणि हे मिशीवर हात फिरवून म्हणायचे, “त्यांची अक्कल कमी पडली.” पोरं हसून हसून फरशीवर लोळायची.

आज हे लिहिताना दिसलं. फळ्या, झाकणं, तारा. हे जे हातात होतं तेच सांगायचे.

मग दोर कुठून

२ डिसेंबर, सोमवार

सलाईन.

आठवत होतंच, जोडलं नव्हतं. खाटेशेजारी बाटली टांगलेली, तिच्यातून खाली नळी. दिवसभर तिकडंच बघत पडून असायचे. एकदा म्हणाले, “हे वर चढायलंय का खाली उतरायलंय गं?” मी म्हटलं, खाली, तुमच्या हातात. “मला तर वर चढल्यावानी दिसायलंय.” त्याच संध्याकाळी म्हणाले, नसीमला फोन लाव.

पोरं ज्याला शब्द शब्द म्हणतायत तो ती नळी आहे. हे कुणाला सांगायचं.

८ डिसेंबर, रविवार

स्पर्धावाल्यांनी इशाऱ्याचं चित्र सोडलंय. दर वर्षी एखादं सोडतात, सगळ्यांनी डोकं खाजवत बसावं म्हणून. नदी, तिच्यावर पूल, पलीकडं डोंगर.

पोरं नाचायला लागली. “पूल! दोराचाच पूल असणार!” विरेश म्हणाला, “डोंगर दिसंना का तुम्हाला? चढायचंच आहे.” मल्लू सरांच्या मते नदी म्हणजे मैदानातली निळी पट्टी, बाकी नुसती शोभा. मी पुलाखालची जागा बघत होते. तिथून बसकी गाडीच जाईल.

नसीमनं फोन माझ्यापुढं धरला. “तुम्हाला काय दिसायलंय अक्का?”

“चष्मा घरी राहिला,” म्हटलं. चष्मा कपाळावर होता. तिनं तो बघितला.

१५ डिसेंबर, रविवार

बाकीची गेल्यावर नसीम मागं राहिली. झाडू घेतला हातात, पण झाडत नव्हती.

“अक्का, तुम्ही गप कामून? अण्णा असताना तर मधेमधे बोलायच्या. अहो, पान चुकलं, अहो, तसं न्हाई लिहिलेलं.”

“आता काय बोलायचं.”

“दोराचं नाव निघालं की तुम्ही चहा ठेवायला जायलात. एवढा चहा कोण पितंय?”

पकडलं पोरीनं. तिचं हे शेवटचं वर्ष, सेकंड पीयूसी, म्हणजे बारावी. पुढचं तिच्या घरचे ठरवतील. गाडी तीच चालवते. मागच्या वर्षी गाडी पहिल्या फेरीतच मैदानाच्या मधोमध बंद पडली आणि ही काठावर हातात रिमोट धरून उभी. म्हणाली, “जिंकायचं नक्को अक्का. एकदा शेवटपर्यंत चालायला पाहिजे. बस्स.”

शुक्रवारी सांगते म्हटलं.

२० डिसेंबर, शुक्रवार

सांगितलं. हे काढायचे त्याच भिंतीवर खडूनं लिहून. चेंडू, खोकं, कडं. चढ, चढ, विसावा. म्हटलं, यंदा दोर न्हाई येणार. खेळ जमिनीवर असणार. बसकी गाडी करा. सलाईनचं बोलले नाही.

मग विरेश, “अण्णांच्या विरुद्ध? तुम्ही?”

मागून कुणीतरी पुटपुटलं, “अण्णा असते तर बोलल्या असत्या का?”

नसीम उसळली. “असते तर रोज बोलायच्या! भांडायच्या! तू कधी ऐकलं न्हाईस का रे? तुझे कान कुठं होते?”

मल्लू सरांनी वाद मिटवला, गुरुवारी ठरवू म्हणाले. येळवसीच्या आत कापायचं तर त्याहून उशीर चालणार नाही.

घरी आले तर उंबऱ्यापाशी चपला पायातच राहिल्या. आत जावंसं वाटेना. आत गेलं की हे विचारणार, काय सांगून आलीस.

२२ डिसेंबर, रविवार

सकाळी पूजा झाली. विभूती लावताना हात तसाच थांबला.

आमच्यात बसवून पुरतात. कोहिनूर गावच्या शेतात बांधाजवळ हे मांडी घालून बसलेत, मातीखाली. श्रावणापासून माझ्या डोळ्यांपुढं तेवढंच आहे. माती, खाली, बसणं. आणि मी पोरांना काय सांगून आले? जमिनीवर. बसकी. सगळ्यांनी खाली एका जागी थांबायचं.

पुस्तकात दिसलं म्हणून सांगितलं, का दिसावं असं वाटत होतं म्हणून दिसलं

पुस्तकं परत काढली. विसावा बहुतेक ठिकाणी सरळ दिसतो. एका ठिकाणी मात्र मीच ओढूनताणून बसवलाय. तिथं गाड्या धड वर नाहीत, धड खाली नाहीत. मी खाली म्हणून धरल्या.

ह्यांना हसायचा मला काय हक्क.

२६ डिसेंबर, गुरुवार

सगळं सांगितलं आज. सलाईन, नळी, वर चढल्यावानी दिसणं. आणि माझी माती. म्हटलं, अण्णांचा दोर तिथून आलेला. माझी जमीन कुठून आली ते मलाच धड सांगता येईना. आता तुम्ही ठरवा.

विरेश पाठ करून ड्रिल पुसत बसला. पुसलेलंच परत पुसत होता.

नसीमनं विचारलं, “मग अक्का, खेळ बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं काय असेल?”

मल्लू सर म्हणाले, “आता काही असलं तरी उपयोग न्हाई. खेळ त्यांनी कधीच ठरवून ठेवलाय. आपण नुसतं कपाटाच्या बाहेर उभं राहून आत काय आहे म्हणायलोय.”

“तिकडं आत्ता बर्फ पडत असेल,” कुणीतरी म्हणालं.

“मग यंदा बर्फाचे गोळे,” विरेश पाठमोराच बोलला. “हुमनाबादला पोचेपर्यंत पाणी.” सगळी हसली. सरही.

सरांनी हात वर करा म्हटल्यावर नसीम म्हणाली, “हात नक्को सर. गाडी मी चालवते, मी सांगते.” मग भिंतीवरचं परत एकदा वाचलं. शेवटी म्हणाली, “बसकी.”

“कामून?” विरेश.

“दोघं पण आपापलंच बघतेत. पण अक्काचं थोडं तरी पुस्तकात आहे.”

एवढंच. मला वाटलं होतं, ती बसकी म्हणाली की हलकं वाटेल.

२८ डिसेंबर, शनिवार

नळ्या तोडल्या. विरेशनंच तोडल्या. मी करतो म्हणाला, खुणा दोनदा तपासल्या, चष्मा लावला. बटण मी दाबलं.

मशीन बंद केलं तरी पातं फिरत राहतं. आवाज बारीक होत होत जातो. तोवर हे कुणाला पुढं जाऊ द्यायचे नाहीत, हात आडवा धरायचे. कितीदा ओरडलेत त्यावरून. आज एक तुकडा पडला की सगळीच्या सगळी मागं थांबायची, पातं थांबेपर्यंत. मग दुसरा. परत थांबायची. हात कुणाचाच आडवा नव्हता. मी बटणाशी होते. पोरं ज्या जागेच्या मागं थांबत होती ती जागा रिकामी होती.

जेवले नाही. चहा घेतला.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस

सगळी शेतात. भावजींनी कडब्याची खोप छान बांधली होती. आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडले. पोरं टेम्पोनं आली, मल्लू सरही. पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. नसीमनं आंबील तीनदा घेतली. विरेश म्हणाला, “एवढी प्यायलीस तर रिमोट धरून झोपशील.” तिनं उंडा फेकून मारला.

शेतात येताना आंबिलाचा डेरा जाऊबाईंनी माझ्या डोक्यावर दिला. विधवेच्या डोक्यावर डेरा, म्हणून शेजारच्या शेतातली एक बघत राहिली. जाऊबाई लगेच, “काय बघायलीस गं? शेत तिचं, माणूस तिचा. मग डेरा काय तू आणणार?”

सगळी जेवल्यावर समाधीपाशी गेले. फूल ठेवलं. सांगितलं, नळ्या तोडल्या. आखूड. तुमचं ऐकलं न्हाई.

काय म्हणतील ते मला नेहमी आधीच कळायचं. पुस्तक वाचताना, स्वयंपाक करताना, दाराची कडी काढताना, कुठंही. आज काही ऐकू आलं नाही. कान देऊन बसले. हरभऱ्यात वारा होता. खोपीकडं पोरं हसत होती. मी मनातल्या मनात ह्यांचं बोलणं जुळवायला गेले, तर ते माझ्याच आवाजात आलं.

रागावले असते तरी चाललं असतं.

२ जानेवारी, गुरुवार

मशीन गेलं. भावजींनी चार माणसं आणली होती. फरशीवर मशीनचे पाय होते तिथली जागा बाकीपेक्षा उजळ. भावजी म्हणाले, “शेड भाड्यानं द्यायचं का वहिनी?” खेळ होऊ दे, मग बघू म्हटलं.

संध्याकाळी पोरांनी नुसता सांगाडा चालवून बघितला. चार चाकं, बॅटरी, आखूड नळ्या. कासवासारखी दिसते. सरळ गेली. अगदी सरळ. नसीम खुर्चीखालून घालायची, पलीकडून काढायची, आणि दर वेळी माझ्याकडं बघायची. मी मान हलवायची. ही पोर मी सांगितलं त्यावर वर्ष लावून बसलीय.

अजूनही समाधीपाशी झालं तसंच. पुस्तक वाचते, थांबते. काही ऐकू येत नाही.

४ जानेवारी, शनिवार

आज जाहीर होणार. तिकडं सकाळ, आपल्याकडं रात्र. मल्लू सरांनी कॉलेजात पडद्यावर लावायची व्यवस्था केलीय. जेवणं उरकून सगळी तिथं जमणार. नसीम मला न्यायला येईल.

सकाळपासून एक मनात घोळतंय. लिहून टाकते, म्हणजे जाईल.

दोर यावा असं वाटतंय.

आला तर पोरांची गाडी कामाची नाही. नळ्या आखूड, मशीन गेलेलं. नसीम परत काठावर उभी राहील, आणि पुढच्या वर्षी ती नसेल. हे सगळं ठाऊक असून वाटतंय. पूजेला बसले तर देवापुढंही तेच. एकदा ह्यांचं खरं होऊ दे. सलाईनकडं बघत का असेना, त्यांना पुढचं दिसलं होतं असं होऊ दे. दोर आला तर हे परत बोलतील असं काहीतरी डोक्यात बसलंय. कशावरून, तर कशावरून नाही.

लगेच म्हणते, नको. चेंडू येऊ दे. चौकट येऊ दे. पोरगी शेवटपर्यंत चालू दे. तेही खरंच मागते, वरवर नाही. पण ते मागायला मनाला सांगावं लागतं. दोराचं सांगावं लागत नाही.

भाकरी करून झाल्या. पातळ नेसले. चष्मा घेतला.

आली. दारातूनच ओरडायलीय, “अक्का, चला ओ! पुढच्या बाकावर जागा धरलीय तुमची!” वाटेत विचारणारच ती. अक्का, खरं सांगा, काय यावं वाटतंय तुम्हाला? आणि ही पोर तोंडाकडं बघून ओळखते. तिला काय सांगू?